बाईंनी दिलेला कान

गुरुत्वीय लहरी ऐकू येतात का, हा प्रश्न बारावीच्या वर्गात दरवर्षी निघतो. उत्तर देताना मला ज्या बाई आठवतात त्या फिजिक्सच्या नव्हेत, गाण्याच्या.

ही लहर म्हणजे ध्वनी नव्हे. ध्वनीला हवा, पाणी, काहीतरी माध्यम लागतं. ही पोकळीतून प्रकाशाच्या वेगाने येते आणि जाताना अवकाशालाच ताणते, आकसवते. पण १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड इथल्या लायगोच्या यंत्रांनी जी लहर टिपली, तिची कंपनं सेकंदाला ३५ पासून २५० पर्यंत चढत गेली होती. आपल्या कानाच्या आवाक्यातलीच ही कंपनं. म्हणून त्या लहरीचा आलेख स्पीकरला जोडला की खरोखर आवाज उमटतो: सेकंदाच्या पाचव्या हिश्शात जवळजवळ तीन सप्तकांची मींड. बाईंचा षड्ज काळी चारचा. त्यांच्या तंबोऱ्याच्या खर्जाहूनही खूप खालून ती उठते आणि मध्य सप्तकातल्या कोमल गंधाराच्या आसपास विरते. एवढ्यात दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळलेली असतात आणि तीन सूर्यांइतकं वस्तुमान लहरींच्या रूपाने निघून गेलेलं असतं.

याला संगीत म्हणायला माझं मन धजत नाही. पुढचा स्वर कुठे लावायचा हे गाणारा ठरवतो. इथे ते दोन वस्तुमानांनी आधीच ठरवलेलं असतं. ऐकण्याची रीत मात्र तीच आहे, आणि ती मला बाईंनी शिकवली.

बाईंची खोली रस्त्यालगत होती. रिक्षा, भाजीवाले, शेजारचा रेडिओ, सगळं आत यायचं. त्यात त्या म्हणायच्या, खर्जाच्या तारेतून गंधार निघतो तो ऐक. मला नुसती गुणगुण ऐकू यायची. एकदा त्यांनी स्वतःच गंधार लावला, अगदी हलका, आणि मध्येच थांबल्या. तंबोरा चालूच होता. तारेतून गंधार स्वच्छ येत होता.

"अगं, मघाशीही होताच तो," बाई म्हणाल्या. "काय शोधायचं ते तुझ्या कानाला ठाऊक नव्हतं."

पुढे पुण्याच्या आयुका या संस्थेतल्या संजीव धुरंधरांचं काम वाचलं. १९९० च्या सुमारास त्यांनी सत्यप्रकाश यांच्यासह नेमका हाच प्रश्न हाताळला होता: येणाऱ्या लहरीचे संभाव्य आकार आधी गणिताने मांडायचे, मग यंत्राच्या गोंगाटावर एकेक साचा ठेवून पाहायचा. लायगोने टिपलेली २६ डिसेंबर २०१५ ची लहर तर इतकी क्षीण होती की साच्यांवाचून ती हाती लागलीच नसती. वाचताना मला काहीच अवघड गेलं नाही. बाईंचा गंधार कानात होता.

आता वर्गात मी आधी गोंगाटासकटचा तुकडा लावते. मुलं माना हलवतात, काही नाही. मग निवळ लहर ऐकवते. मग पुन्हा पहिला तुकडा. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतं, "मॅडम, आली!" ही रीत बाईंची. दरमहा त्या घेत त्या फीमध्ये त्यांनी ही कधी धरली नव्हती.