पीळ आणि ओल

रत्नागिरीत पाऊस धरला की तांब्याच्या टेलिफोन लाइनवर खरखर सुरू होते, ब्रॉडबँड रडतखडत चालतं, आणि बोल लावला जातो तो अंतराला. एक्स्चेंज लांब, त्याला कोण काय करणार? अंतराचा वाटा मोठा आहे, हे मला मान्य आहे. बोलण्याचा सिग्नल ३,४०० हर्ट्झच्या आत राहतो, म्हणून अर्ध्या मिलिमीटरच्या तारेतून तो काही किलोमीटर जातो. ब्रॉडबँडचं एडीएसएल-टू-प्लस मात्र २२ लाख हर्ट्झपर्यंत चढतं. वारंवारता वाढली की प्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे सरकतो आणि घट वाढते. पण अंतर मे महिन्यातही तेवढंच होतं. जूनमध्ये बदलली ती ओल. तारांवरच्या पॉलिथिलीनचा परावैद्युतांक सुमारे २.३ असतो, पाण्याचा ८०च्या आसपास. दोन तारांमध्ये पाणी शिरलं की त्यांची धारिता वाढते, वरच्या वारंवारता आधी गळतात. यासाठीच जमिनीखालच्या केबलमध्ये जेली भरलेली असते. कारखान्यातून ती केबलभर येते. जोडात मात्र ती जोडणाऱ्याच्या हातून भरली जाते. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि खारं वारं असलेल्या गावात लाइनचं आयुष्य त्या वीतभर जागेवर ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

त्याच जागी दोन तारांना एकमेकींभोवती दिलेला पीळही बिघडतो. बेलने १८८१मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती अजून तशीच आहे: पिळामुळे बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच होतो, आणि पलीकडचं यंत्र दोन्हींतला फरक तेवढा वाचतं, म्हणून उपद्रव वजा होतो. जोडताना पांढरी-निळी आणि पांढरी-नारिंगी या जोड्यांच्या पांढऱ्या तारांची अदलाबदल दोन्ही टोकांना सारखीच झाली, तर मल्टिमीटर सारं ठीक दाखवतो. टोकाला टोक बरोबर मिळालेलं असतं. तरीही सिग्नल आता एकमेकींशी न पिळलेल्या दोन तारांतून जात असतो, आणि शेजारची लाइन त्यात घुसते. कोणी म्हणेल, पिळाने सिग्नलची घट कुठे कमी होते? होत नाही, खरं आहे. पण यंत्राला सिग्नल कळतो तो गोंगाटाच्या तुलनेत; गोंगाट दुप्पट झाला काय किंवा सिग्नल निम्मा झाला काय, वेग सारखाच पडतो. अ‍ॅम्प्लिफायर लावूनही सुटका नाही, तो दोन्ही वाढवतो.

मग आता फायबर आल्यावर हा खटाटोप कशाला, हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. घरापर्यंत फायबर यावा, तो ओलीला पुष्कळ पुरून उरतो. पण घरात, शाळेत, बँकेत शेवटचे १०० मीटर अजून पिळलेल्या जोड्यांचेच आहेत. तिथे प्लगजवळ पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये, हा नियम कॅट-फाइव्ह-ई नेटवर्क केबललाही लागू आहे. आणि स्वस्त पडते म्हणून तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल घ्यायची, हे तर किनारपट्टीवर कुणी करूच नये. अ‍ॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, त्याच तारेतून कॅमेऱ्याला वीज दिली की ती जास्त तापते, आणि कापलेल्या टोकाला दोन धातू खाऱ्या दमट हवेत उघडे पडले की आधी अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.