डरकाळीच्या आधीचा श्वास

‘जुरासिक पार्क’ 127 मिनिटांचा आहे. त्यात डायनासोर प्रत्यक्ष दिसतात ती सगळी दृश्यं एकत्र केली तर जेमतेम 15 मिनिटं भरतात. हे सांगितलं की ऐकणाऱ्याला पटत नाही, कारण त्याच्या आठवणीत सगळा पडदा त्या जनावरांनीच व्यापलेला असतो. 1993 साली ती 15 मिनिटं फार महागाची होती. स्टॅन विन्स्टनच्या कारखान्यात पूर्ण आकाराची यांत्रिक जनावरं बांधली जात होती आणि जिथे त्यांना पळवणं शक्य नव्हतं तिथे इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकची मंडळी संगणकावर डायनासोरांना चालायला शिकवत होती. इतक्या कष्टाने मिळालेलं हे धन स्टीव्हन स्पीलबर्गने सगळंच्या सगळं पाठलागावर आणि फाडाफाडीवर उधळलं असतं तरी कोणी नावं ठेवली नसती. त्याने त्यातला चांगला वाटा एका आजारी ट्रायसेराटॉप्सवर खर्च केला. ते जनावर उठत नाही, कोणाच्या अंगावर धावून जात नाही. कुशीवर पडून श्वास घेतं, एवढंच.

मी चित्रपटांच्या ध्वनीचं काम करते. मिक्सिंगला बसलं की मोठ्या आवाजांवर सहसा वाद होत नाही. गाडी आदळली, इमारत कोसळली की सगळे खूश असतात. वाद होतो तो शांत प्रसंगावर. मागच्या सोफ्यावरून कोणीतरी म्हणतं, ‘इथे जरा ढिलं पडतंय.’ मग ‘थोडं बीजीएम टाकू या का?’ तेही टाकून समाधान झालं नाही की शेवटचा उपाय, ‘सीनच अर्धा करा, नाहीतर पब्लिक मोबाईल काढेल.’ बोलणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पैसे त्याचे अडकलेले असतात, आणि शांत प्रसंगाचा उपयोग त्याला बोट ठेवून दाखवता येत नाही. पाठलाग काढला तर कथा तुटते. श्वास घेत पडलेलं जनावर काढलं तर वरवर पाहता काहीच तुटत नाही.

म्हणून आधी त्या प्रसंगाचं कथेतलं काम पाहावं. मोटारीतून डायनासोरांचं उद्यान पाहायला निघालेली मंडळी मध्येच उतरतात. जीवाश्मतज्ज्ञ डॉ. ॲलन ग्रँट लहानपणापासून ज्या प्राण्यावर जीव टाकून आहे तो समोर पडलेला असतो. ग्रँटची सहकारी एली सॅटलर त्याची जीभ पाहते, डोळे तपासते, शेणाच्या डोंगरात हात घालते. वादळ येतंय म्हणून बाकीच्यांना निघायची घाई असते, पण तिचा पाय निघत नाही. ती पशुवैद्याबरोबर मागे थांबते आणि ग्रँट पुढे जातो. इथून त्या दोघांची जी ताटातूट होते तिच्यावर पुढचा सगळा चित्रपट उभा आहे. म्हणजे कथेचा सांधा बदलण्याचं कामही हा प्रसंग करतो, फक्त ते मायेच्या आड लपवून करतो. पटकथा लिहिणारे मायकेल क्रायटन आणि डेव्हिड केप यांची ही हुशारी.

पण मला तो प्रसंग कानाने जास्त आठवतो. ग्रँट त्या जनावराच्या बरगड्यांवर आडवा होतो, कान टेकवतो आणि त्याच्या श्वासाबरोबर वर जातो, खाली येतो. तो श्वास तयार करायला ध्वनिरचनाकार गॅरी रिडस्ट्रॉमने कॅलिफोर्नियातल्या स्कायवॉकर रँचच्या आसपास चरणाऱ्या गाई ध्वनिमुद्रित केल्या आणि पुठ्ठ्याच्या नळीतून स्वतःचा श्वास फुंकून त्यात मिसळला. टी. रेक्सच्या डरकाळीत हत्तीचं पिल्लू, वाघ आणि मगर एकत्र आले, आणि तिची चर्चा जगभर झाली. या चित्रपटाला ध्वनीची दोन्ही ऑस्कर मिळाली तेव्हाही लोकांच्या कानात डरकाळीच होती. माझ्या लेखी मात्र अवघड काम त्या श्वासाचं. डरकाळी क्षणभर येते, आणि ती कशी असावी हे कोणालाच माहीत नसतं. श्वास मात्र प्रत्येकाला माहीत आहे. तो जरा जास्त नेमाने आला की यंत्र वाटतो, लय मोडली की नाटकी वाटतो. आत घेतलेला आणि बाहेर सोडलेला यांत जी बारीकशी थांबण्याची जागा असते, ती एका अंगुळाने चुकली तरी रबराखालची लोखंडी चौकट ऐकू येते.

हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो हिंदीतून. 1994 मध्ये तो हिंदीत डब होऊन भारतभर लागला आणि आमच्या तालुक्याच्या टॉकीजलाही आला. पडद्यावरचे सगळे अमेरिकन शास्त्रज्ञ हिंदी बोलत होते आणि त्याचं थोडं हसू येत होतं. ट्रायसेराटॉप्स आला तेव्हा हसणं बंद झालं. खालच्या रांगांत बसलेल्या अर्ध्या लोकांच्या घरी गोठा होता. पोट फुगलेलं, रवंथ बंद झालेलं जनावर कसं पडतं आणि कसा श्वास टाकतं हे त्यांनी रात्र रात्र जागून पाहिलेलं होतं. डबिंगमध्ये संवादांचा ट्रॅक बदलतो. संगीत आणि बाकीचे आवाज वेगळ्या ट्रॅकवर असतात, त्याला आमच्याकडे ‘एम अँड ई’ म्हणतात आणि तो सगळ्या भाषांना तोच जातो. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या गाईंचा श्वास कोणताही दुभाषी मध्ये न येता आमच्या टॉकीजपर्यंत पोहोचला होता. हा हिशेब मला या धंद्यात आल्यावर उलगडला, पण तेव्हा झालेला परिणाम त्याआधीचाच.

शांत प्रसंग नेमकं करतो काय, तर प्राण्याला त्याचं स्वतःचं आयुष्य देतो. पाठलागात डायनासोर हे फक्त माणसांच्या पळण्याचं कारण असतं. त्याला भूक असते तीही आपल्यापुरती. आजारी जनावराला आपल्याशी काही घेणंदेणं नसतं. त्याने काहीतरी विषारी खाल्लं असेल, ते दुखतंय, आणि आपण तिथे नसतो तरी ते तसंच पडून राहिलं असतं. एकदा हे मनात बसलं की त्याच रात्री कुंपण तोडून येणारा टी. रेक्सही आपल्याला जनावर वाटू लागतो, आणि त्याची भीती वाढते. भुताची भीती दिवे लागले की जाते. भुकेलं जनावर दिवे लागले तरी तिथेच असतं. त्या हल्ल्याच्या दृश्यात जॉन विल्यम्सचं संगीत अजिबात नाही, फक्त पाऊस, पत्रा, काच आणि तो प्राणी. संगीताचा आधार काढून घेण्याचं धाडस करता आलं, कारण त्या प्राण्यांच्या असण्यावर आपला विश्वास आधीच बसलेला होता.

हल्ल्यानंतरचा झाडावरचा प्रसंग तर ध्वनीचं काम करणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा ऐकावा असा आहे. ग्रँट आणि दोन मुलं रात्रीसाठी उंच झाडावर चढतात. दूरवर ब्रॅकिओसॉरसांच्या माना अंधारात वर आलेल्या दिसतात आणि त्यांचे सूर ऐकू येतात. त्या सुरांच्या तळाशी देवमासे आहेत आणि चक्क गाढवं आहेत. ग्रँट तोंडाजवळ हात धरून त्यांच्यासारखा हुंकार देतो आणि तिकडून उत्तर येतं. मुलांपैकी लेक्स घाबरून त्याला गप्प करते, तिला वाटतं राक्षस इकडे येतील. ग्रँट सांगतो की हे राक्षस नाहीत, ही नुसती जनावरं आहेत, ती त्यांच्या स्वभावाप्रमाणे वागतात. चित्रपटाचा सगळा अर्थ या एका वाक्यात आहे, पण ते वाक्य पटतं ते त्याआधीच्या हुंकारामुळे. माणसाच्या गळ्यातून निघालेल्या आवाजाला त्या प्राण्याने ओ दिली, हे आपण नुकतंच ऐकलेलं असतं. मग सेलेस्टाचे अंगाईसारखे सूर येतात आणि मुलं त्याला दोन्ही बाजूंनी टेकून झोपतात.

इथे एक गोष्ट लक्षात येते. दुपारी ग्रँट एका जनावराच्या छातीवर डोकं ठेवून होता, रात्री दोन मुलं त्याच्या छातीवर डोकं ठेवून आहेत. सुरुवातीला हाच माणूस एका पोराला रॅप्टरची नखी दाखवून घाबरवत होता. तीच नखी झाडावर त्याला टोचते आणि तो ती खाली टाकून देतो. अखेरीस हेलिकॉप्टरमध्येही मुलं त्याच्या दोन्ही बाहूंवर झोपलेली असतात. माणूस बदलला हे कोणी बोलून दाखवत नाही. एकच ठेवण तीनदा येते आणि श्वासाची जागा बदलत जाते. हल्ले कितीही थरारक असले तरी हा बदल त्यांच्यात मावला नसता, कारण पळणाऱ्या माणसाला कोणाला टेकायची सवड नसते.

झाडावरच्या शांततेला लागूनच दुसरी शांतता येते, आणि ती मला धीट वाटते. रिकाम्या उपाहारगृहात उद्यानाचा म्हातारा मालक जॉन हॅमंड एकटाच आइस्क्रीम खात बसलेला असतो. वीज गेली आहे, ते वितळतंय, म्हणून खायचं. तो एलीला आपल्या जुन्या पिसवांच्या सर्कशीची गोष्ट सांगतो. त्या सर्कशीत पिसवा नव्हत्याच, होती ती नुसती यंत्राची करामत, तरी मुलांना त्या दिसायच्या. इथे डायनासोर नाही, आणि त्या दोन मुलांचं, म्हणजे आपल्या नातवंडांचं, काय झालं हे त्याला ठाऊक नाही. सलग दोन शांत प्रसंग! आजच्या कोणत्याही बैठकीत यातला एक नक्की उडाला असता.

डायनासोरांच्या चित्रपटाची सुरुवात तर मायेनेच झाली होती. 1914 मध्ये विन्झर मॅके हा व्यंगचित्रकार आपली ‘गर्टी’ घेऊन रंगमंचावर उभा राहायचा. हातात चाबूक धरून तो पडद्यावरच्या डायनासोरला हुकूम सोडायचा, आणि रागावला की गर्टी रडायची. 1933 च्या ‘किंग काँग’मध्ये विलिस ओब्रायनने काँग आणि टी. रेक्सची तुफान मारामारी घडवली. मारामारी संपल्यावर काँग मेलेल्या प्राण्याचा जबडा हाताने उघडझाप करून पाहतो, लहान मूल मोडकं खेळणं पाहतं तसा. कथेला त्या कुतूहलाची काही गरज नव्हती, पण त्याच्यामुळे पडद्यावरच्या बाहुल्याला मन आलं.

‘जुरासिक पार्क’च्या पुढच्या भागांनी हा धडा गिरवला, पण सारख्या ताकदीने नाही. 2015 च्या ‘जुरासिक वर्ल्ड’मध्ये माळरानावर मरायला टेकलेला अपॅटोसॉरस आहे. उद्यानातल्या जनावरांना मालमत्ता म्हणणारी क्लेअर त्याच्या डोक्याला हात लावते आणि तिचा हिशेब तिथे चुकतो. त्या डोक्यासाठी यांत्रिक प्रतिकृती बनवली गेली, कारण हात खऱ्या वस्तूवर ठेवायचा होता. हा प्रसंग जमला आहे. 2018 च्या ‘फॉलन किंगडम’मध्ये ज्वालामुखीच्या धुरात धक्क्यावर मागे राहिलेला ब्रॅकिओसॉरस दिसतो. दिग्दर्शक हुआन आंतोनियो बायोना यांची ती चौकट देखणी आहे, अनेकांना तिथे रडू येतं. मला तिथे संगीत माझ्या खांद्यावर हात ठेवून ‘आता रड’ असं सांगत असल्यासारखं वाटतं. पहिल्या चित्रपटातला ट्रायसेराटॉप्स आपल्याकडे काहीच मागत नाही. तो बरा होतो की नाही हेही आपल्याला कळत नाही. हळवा प्रसंग आणि हळवेपणा मागणारा प्रसंग यांतलं अंतर आवाजाचा फेडर थोडासा वर सरकवला की संपतं, म्हणून तिथे हात जपून चालवावा लागतो.

आमच्या बाजूने याचे काही नियम निघतात. शांत प्रसंग म्हणजे रिकामा ट्रॅक नव्हे. त्यात वारा, गवत, कापडाची सळसळ हे सगळं लागतं, पण एका वेळी एकच आवाज पुढे हवा. तो कोणाचा हे आधी ठरवायचं, मग बाकीचे त्याच्यामागे बसवायचे. संगीत यायचंच असेल तर आधी श्वास कानात स्थिरावू द्यायचा. आणि हा प्रसंग मोठ्या दंग्याला चिकटून यावा, कारण कान तुलनेने ऐकतो. ‘जुरासिक पार्क’ हा डीटीएस ध्वनीत आलेला पहिला चित्रपट. प्रिंटवरच्या टाइमकोडने वेगळ्या डिस्कवरचा ध्वनी जुळवला जायचा. लोकांना त्यातली गडगड आठवते. पण जुन्या ऑप्टिकल पट्टीची खरखर गेल्यामुळे खरा फायदा झाला तो हळू आवाजांचा. अगदी खालच्या पट्टीतला श्वासही स्वच्छ ऐकवता येऊ लागला.

सोफ्यावरून ‘ढिलं पडतंय’ ऐकू आलं की मी हल्ली सौंदर्याच्या गोष्टी करत नाही, हिशेब सांगते. डरकाळीला वर एक हद्द असते. स्पीकर फाटतो, कान बधिर होतात, आणि शेवटच्या मारामारीपर्यंत चढवायला काही शिल्लक राहत नाही. शांत प्रसंग काढायचा असेल तर काढा, पण मग क्लायमॅक्सला जो आवाज हवाय तो कुठून आणू ते तुम्हीच सांगा. बहुतेक वेळा प्रसंग राहतो. अर्धा होतो, पण राहतो.