‘ऑल-अमेरिकन गर्ल’ : एकटीचा आवाज आणि घरभर पात्रे

रंगमंचावर एकट्याने उभे राहून, स्वतःच्या जगण्यातले अनुभव स्वतःच्याच ढंगात सांगत प्रेक्षकांना हसवणाऱ्या कलावंताला अमेरिकेत ‘स्टँड-अप कॉमेडियन’ म्हणतात, आणि अशा कलावंताभोवती कुटुंब, मित्र व नोकरी यांचे जग उभे करून अर्ध्या तासाची प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका, म्हणजे ‘सिटकॉम’, बेतण्याची पद्धत तेथील दूरचित्रवाणीवर १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून चांगलीच रुळली. ‘रोझॅन’ (१९८८), ‘साइनफेल्ड’ (१९८९) आणि टिम ॲलनची ‘होम इम्प्रूव्हमेंट’ (१९९१) यांना मिळालेल्या यशामुळे एकट्याने सभागृह बांधून ठेवणारा माणूस हाती लागला की मालिकेचे निम्मे काम झाले, असा वाहिन्यांचा समज झाला. याच समजातून एबीसी वाहिनीने १४ सप्टेंबर १९९४ रोजी पंचवीस वर्षांच्या मार्गारेट चोला मध्यवर्ती भूमिका देऊन ‘ऑल-अमेरिकन गर्ल’ सुरू केली. १९ भाग झाले आणि मार्च १९९५ मध्ये ती आटोपली.

चो सॅन फ्रान्सिस्कोची. कोरियातून आलेल्या तिच्या आईवडिलांचे त्या शहरात पुस्तकांचे दुकान होते, आणि आईचे उच्चार, तिची काळजी, मुलीच्या वागण्याने तिच्या चेहऱ्यावर उमटणारी भीती या सगळ्याची हुबेहूब नक्कल हा चोच्या कार्यक्रमाचा प्राण होता. गॅरी जेकब्स यांनी निर्मिलेल्या मालिकेतही सॅन फ्रान्सिस्को, पुस्तकांचे दुकान आणि कोरियन-अमेरिकन कुटुंब कायम राहिले : मोठ्या दुकानातल्या सौंदर्यप्रसाधनांच्या विभागात काम करणारी मार्गारेट किम, डॉक्टर झालेला आज्ञाधारक मोठा भाऊ, धाकटा भाऊ, आईवडील आणि आजी. बाह्य तपशिलाच्या दृष्टीने पाहिले तर मूळ सामग्रीतले फारसे काही गळले नव्हते.

जे गळले ते महत्त्वाचे होते. मराठी वाचकाला ही गोष्ट पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’च्या एकपात्री प्रयोगावरून चटकन उमगेल, कारण तेथे चाळीतला प्रत्येक बिऱ्हाडकरू एकाच माणसाच्या मुखातून बोलतो आणि त्या बोलण्यातच त्याच्याकडे पाहणारी, त्याला ओळखून असणारी नजर मिसळलेली असते. चोच्या कार्यक्रमातली आई अशीच होती. ती मुलीच्या आवाजात बोलत असे, त्यामुळे तिच्या तुटक इंग्रजीला हसतानाही प्रेक्षकाला मुलीची माया आणि तिचा वैताग एकाच वेळी जाणवत असे. मालिकेत आईची भूमिका जोडी लाँग या समर्थ अभिनेत्रीकडे गेली, आजी एमी हिल झाल्या, भाऊ बी. डी. वाँग झाले, आणि त्या क्षणी आई हे मुलीने सांगितलेले माणूस न राहता समोरच्या सोफ्यावर बसलेले, परक्या उच्चारात बोलणारे स्वतंत्र पात्र बनले. सांगणारी मुलगी त्याच सोफ्यावर बसून इतरांसारखीच आपल्या वाक्याची वाट पाहू लागली.

दुसऱ्या भागात याचा पुरावा मिळतो. घरच्यांना पसंत पडेल अशा कोरियन तरुणाशी मार्गारेटची गाठ पडते आणि त्याला आवडावे म्हणून ती मान खाली घालून वावरणारी, पारंपरिक, आज्ञाधारक मुलगी असल्याचे सोंग वठवते. रंगमंचावर हाच प्रसंग चोने सांगितला असता तर सोंग आणि सोंगामागचा संताप दोन्ही एकाच चेहऱ्यावर दिसले असते. मालिकेत उरले ते सोंग, आणि शेवटी समजुतीचे चार शब्द. ‘साइनफेल्ड’ने ही अडचण ओळखून नायकाचे रंगमंचावरचे निवेदन भागांतच गुंफले, तर रोझॅन बारने पहिल्याच पर्वात निर्मात्याशी उघड संघर्ष करून संहितेवर ताबा मिळवला. पंचवीस वर्षांच्या चोकडे तसा अधिकार नव्हता.

अधिकार नसल्याची किंमत तिने शरीराने मोजली. तिने पुढे सांगितल्याप्रमाणे, पडद्यावर चेहरा फार भरलेला दिसतो असे तिला कळवण्यात आले, तेव्हा तिने दोन आठवड्यांत सुमारे तेरा किलो वजन उतरवले आणि तिची मूत्रपिंडे निकामी होण्यापर्यंत मजल गेली. ती पुरेशी ‘आशियाई’ वाटत नाही म्हणून सल्लागारही नेमला गेला. याच वेळी प्रमुख कलावंतांत कोरियन वंशाची ती एकटीच होती, आणि कोरियन-अमेरिकन प्रेक्षकांनाही पडद्यावरचे घर आपले वाटले नाही. एका समाजाचे सगळे प्रतिनिधित्व एकाच मालिकेच्या, पर्यायाने एकाच मुलीच्या खांद्यावर टाकणे हा तिच्यावरचा अन्याय होता. गोऱ्या कुटुंबांच्या डझनभर मालिका एकाच वेळी चालू असताना त्यांतल्या एकीला कोणी असा जाब विचारला नव्हता.

या सगळ्यात एमी हिल यांची आजी मात्र आजही ताजी वाटते, कारण कथानक पुढे नेण्याची जबाबदारी तिच्यावर नव्हती आणि म्हणून तिला विचित्र असण्याची मोकळीक मिळाली. वाहिनीलाही हे जाणवले असावे. शेवटच्या भागात मार्गारेटला घरातून काढून तीन तरुणांबरोबर राहायला पाठवले गेले आणि कुटुंबातून फक्त आजी मागे ठेवली गेली, परंतु ते नवे रूप पुढे चालले नाही.

चोने १९९९ मध्ये ‘आय ॲम द वन दॅट आय वाँट’ हा एकपात्री कार्यक्रम रंगमंचावर आणला, पुढच्या वर्षी त्याचा चित्रपट झाला, आणि त्यात मालिकेची सगळी कहाणी तिने स्वतः सांगितली. दुकानातल्या समलिंगी पुरुषांच्या मासिकांकडे पाहून आईला पडणारे प्रश्न त्यात आहेत, आणि त्या मिनिटांत आई पुन्हा मुलीच्या आवाजात बोलते. मालिकेच्या १९ भागांत मिळून जेवढी आई दिसली नाही, तेवढी येथे दिसते. ज्यांना मालिका आणि मूळ कला यांतला फरक पाहायचा आहे, त्यांनी मालिकेचा दुसरा भाग आणि हा चित्रपट लागोपाठ पाहावेत. अमेरिकेच्या मोठ्या वाहिनीवर आशियाई-अमेरिकन कुटुंब केंद्रस्थानी असलेली पुढची विनोदी मालिका, ‘फ्रेश ऑफ द बोट’, त्याच एबीसीवर फेब्रुवारी २०१५ मध्ये आली, आणि तिचे ११६ भाग झाले.