गाडी कुणाच्या नावावर?

येलदरी कॅम्पात राहणाऱ्याचं मोटारसायकलशिवाय पान हलत नाही. तहसील, कोर्ट, मोठा दवाखाना, सगळं जिंतूरला. पूर्णेवरचं धरण ओलांडलं की सेनगाव तालुका, म्हणजे हिंगोली जिल्हा. त्यामुळं आमच्या रस्त्यावर एमएच २२ आणि एमएच ३८ अशा दोन्ही पासिंगच्या गाड्या धावतात. सणवार आला, निवडणूक आली की नाकाबंदी लागते. समोरून येणारा लाइट मारून खूण करतो आणि कितीतरी गाड्या पांदीनं आत वळतात. मी वळत नाही. कागद पूर्ण असताना वळायचं कशाला?

मागं एकदा असाच पोलिसांनी हात केला. "गाडी बाजूला घ्या. लायसन, आरसी?"

मी मोबाइलवर डिजिलॉकर उघडून धरलं. शिपाई म्हणाले, "मोबाइलचं चालत नाही, ओरिजिनल दाखवा."

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३९ नोव्हेंबर २०१८ मध्ये बदलला. तेव्हापासून इलेक्ट्रॉनिक स्वरूपातले कागद ग्राह्य धरावे लागतात. मी आवाज न चढवता तेवढं सांगितलं. हवालदारसाहेबांनी मशीनमध्ये नंबर टाकला, पडद्यावर सगळं आलं आणि मला जायला सांगितलं. मी मात्र थांबलो, कारण शेजारी एक काका उभे होते. टाकीवर युरियाचं पोतं, चेहरा पार उतरलेला.

"काका, गाडी कुणाची?" हवालदारांनी विचारलं.

"माझीच की साहेब. लई वर्षं झाली घेऊन."

"मग हे नाव कुणाचं?"

काकांनी बंडीच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत टीटी फॉर्म, म्हणजे गाडी नावावर करायचा अर्ज, घडीवर फाटत आलेला. विकणाऱ्याची सही होती, घेणाऱ्याची जागा कोरी. विमाही संपलेला. विम्याचा दंड दोन हजार, आणि त्या चलनाचा मेसेज जाणार पहिल्या मालकाच्या मोबाइलवर. ते आता कुठं असतात, हे काकांनाही ठाऊक नव्हतं.

आमच्याकडं गाडीचा व्यवहार असाच होतो. पैसे मोजले, किल्ली दिली, फॉर्मवर सही घेतली, संपलं. कायदा वेगळं सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणं विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ते झालं नाही, तर कागदावर मालक जुनाच राहतो. अशा गाडीनं अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार यांच्या खटल्यात स्पष्ट केलं. म्हणजे ज्यानं कधीच गाडी विकली, त्याचं घरदार धोक्यात. आणि विमा नसेल तर ज्याच्या घरातला माणूस गेला, त्यानं वसुलीसाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या.

विम्याची आणखी एक गोम आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा शोरूममध्येच घ्यावा लागतो. पाच वर्षं कुणी काही विचारत नाही. मग विमा कधी संपला ते घरात कुणाच्या ध्यानातही येत नाही. रस्त्यावर हुज्जत चालते ती मात्र हेल्मेटवरून. हेल्मेट हवंच, त्यात दुमत नाही. पण नाव आणि विमा या दोन गोष्टींवर तपासणीचा खरा भर हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसतं चलन फाडून काकांची गाडी त्यांच्या नावावर होत नाही. त्यासाठी परभणीला हेलपाटे घालायचे, मजुरी बुडवायची, एजंटाला पैसे द्यायचे, म्हणून माणूस टाळतो. नावं बदलण्यासाठी आरटीओनं गावागावांत शिबिरं घ्यावीत. नाकाबंदीच्या ठिकाणीच एक टेबल टाकून फॉर्म २९ आणि ३० भरून घेतले, तरी पुष्कळ काम होईल.

तोवर निदान एवढं करा. तुम्ही विकलेल्या जुन्या गाडीचा नंबर आठवत असेल, तर आजच एमपरिवहन ॲपवर टाकून पाहा. मालकाच्या नावाची जी अक्षरं दिसतील ती तुमचीच निघाली, तर घेणाऱ्याला फोन लावा आणि दोघं मिळून आरटीओ गाठा.