वसतीचे स्थान

पदव्युत्तर वर्गाला महानुभाव गद्य शिकवताना आम्ही दोघांनी एक प्रघात पाडला आहे. हिवाळ्यात एकदा विद्यार्थ्यांना डोंगरवाटांनी दिवसभर चालवायचे, रात्री उघड्यावर मुक्काम करायचा आणि शेकोटीभोवती लीळाचरित्र वाचायचे. चक्रधरांचे परिभ्रमण वर्गातल्या पंख्याखाली बसून कळत नाही, अशी आमची त्यामागची भूमिका. ती चुकीची आहे असे आजही वाटत नाही. चुकले ते वेगळेच, आणि ते इथे लिहिणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी कन्नडच्या पलीकडील डोंगरात आम्ही सप्टेंबरमध्येच मुक्काम केला होता. जागा आम्हीच निवडली होती. दोन्ही बाजूंना कडे, मधे ओढ्याचे रुंद पात्र, त्यात वाळूचा सपाट पट्टा. तंबूसाठी यापेक्षा सुंदर जागा कोणती? पाणी घोट्याएवढे, तेही पलीकडच्या काठाने वाहणारे. रात्री आमच्या डोक्यावर चांदणे होते; पाऊस पडला तो वर, पठारावर. आपल्या या काळ्या पाषाणाच्या डोंगरांवर मातीचा थर पातळ. पाणी मुरायला जागा नसते, ते सरळ ओढ्याला लागते. अडीचच्या सुमारास एका विद्यार्थ्याला पाठीखाली ओल जाणवली म्हणून तो ओरडला. आम्ही सर्वांना काठावर चढवले तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत आले होते. माणसे सगळी वाचली. तीन तंबू गेले, आणि विभागाची लीळाचरित्राची प्रत गेली, डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली, १९७८ची.

महाविद्यालयाला दिलेल्या अहवालात ‘पावसामुळे मुक्काम हलवावा लागला’ एवढेच आम्ही लिहिले. वाक्य खोटे नव्हते. मराठीचे प्राध्यापक असल्याचा तेवढा उपयोग आम्ही करून घेतला.

गेल्या डिसेंबरात पुन्हा जागा शोधायला निघालो तेव्हा आमच्यापैकी एकाचे घर हर्सूलला, म्हणून सुरुवात तिथूनच केली. तलावाच्या मागे उत्तरेला डोंगर सुरू होतात. मलिक अंबरच्या काळापासून या शहराने पाण्यासाठी याच दिशेला पाहिले. जमिनीखालच्या नहरी याच अंगाने शहरात उतरल्या. म्हैसमाळचे पठार उत्तम, पण उंची बरीच, आणि डिसेंबरातला तिथला वारा तंबूला उभे राहू देत नाही. सुलीभंजनला नाथांच्या तपश्चर्येची जागा आहे, तेव्हा साहित्याच्या विद्यार्थ्यांना तिथे नेण्याचा मोह कोणालाही व्हावा. पण देवस्थानाच्या आवारात वीस जणांचा गलबला नेणे आम्हाला प्रशस्त वाटेना. गौताळा अभयारण्य आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीवाचून रात्र काढता येत नाही, आणि तसे असणेच योग्य आहे. (बिबट्याचे म्हणाल तर २०२४च्या जुलैत तो शहरातच येऊन गेला. त्यामुळे त्याचे भय हा डोंगराविरुद्धचा युक्तिवाद आता राहिलेला नाही.)

शेवटी जटवाड्याच्या बाजूला एका घळीत आम्हाला जागा आवडली. वडाचे झाड, गवत, वाऱ्याला आडोसा. आम्ही टेप काढून तंबूंची मापे घेत होतो, तेवढ्यात मेंढरे घेऊन एक म्हातारबाबा आले. काय चालले आहे ते त्यांनी थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, “हितं नका उतरू सर. हितं गारठा मुरतो. त्या वरच्या बांधाला ऱ्हा.” थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून खाली घळीत येऊन साचते, हे आम्ही शाळेत शिकलो होतो. जागा पाहताना ते दोघांनाही आठवले नाही. म्हणजे ओढ्याच्या पात्रात जे केले तेच आम्ही पुन्हा करत होतो: जागा डोळ्यांनी निवडत होतो.

त्या रात्री घरी ‘स्थानपोथी’ काढली. चक्रधर जिथे जिथे बसले, राहिले त्या जागांची ही नोंद. बसले ते ‘आसन’, रात्र काढली ती ‘वसती’, दीर्घ मुक्काम ते ‘अवस्थान’. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या बाजूला काय आहे, हेच पानोपानी. वर्गात हा ग्रंथ आम्ही ‘वाङ्मयीनदृष्ट्या रूक्ष’ म्हणून वीस मिनिटांत उरकत आलो होतो. आता मात्र आम्ही वहीत त्याच पद्धतीने लिहायला घेतले: पाणी कोणत्या अंगाला, उतार कुठे, सकाळचे ऊन कोणत्या बाजूने, गाडीरस्ता किती पावलांवर.

जागा ठरली ती वरच्या बांधालगतची, बाजरी निघालेल्या रानाची. शेजारीच शेतवस्ती, विहीर, आणि शौचालय. घरच्या मावशींनी एकच अट घातली: पाणी प्यायला आणि सैपाकाला, आंघोळीला नाही. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले त्या मराठवाड्यात ही अट समजावून सांगण्याची गरज नव्हती. विद्यार्थी थोडे हिरमुसले. दक्षिणेला शहराच्या दिव्यांचा उजेड आकाशात दिसत होता आणि ज्यांनी ‘जंगल’ अशी कल्पना केली होती त्यांना रानात बाजरीची धसकटे टोचत होती.

संध्याकाळी एका विद्यार्थिनीची आई रिक्षाने येऊन उतरली. लेकीला परवानगी दिली होती, पण जागा पाहिल्यावाचून नाही. आम्ही पूर्वतयारीने सज्ज होतो. विहीर दाखवली, उतार दाखवला, वाऱ्याची दिशा सांगितली. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “पोरींनी रात्री जायचं कुठं?” आम्ही शौचालयाकडे बोट केले. त्यांनी लेकीच्या हातातली बॅटरी घेतली आणि तंबूपासून तिथवर चालत गेल्या. परत आल्या.

“अठ्ठावन्न पावलं,” त्या म्हणाल्या. “तंबूचं तोंड तिकडं करा.”

आम्ही मेखा उपटल्या आणि मुलींच्या तंबूंची तोंडे फिरवली.