पांडू

सिंहगडाच्या कल्याण दरवाजाशी दर हिवाळ्यात एक पाखरू येऊन बसतं. ऑक्टोबर सरत आला की माझे पाय तिकडे ओढ घेतात. साधारण साळुंकीएवढं, ताठ बसणारं. सावलीत ते काळंच वाटतं. ऊन तटावरून सरकत अंगावर आलं, की ओल्या पाटीवर शाई सांडावी तसा गडद निळा रंग उमटतो. कमरेत लवतं, शेपटी हलवतं, खाली गवतात झेपावतं आणि किडा टिपून पुन्हा त्याच दगडावर. तो दगड त्याच्या विष्ठेच्या पांढऱ्या ओघळांवरून मी लांबूनही ओळखतो.

हा शैलकस्तूर. उन्हाळ्यात हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे, मध्य आशियातल्या डोंगरांत घरटी करणारा. आपल्याकडे येणाऱ्याचं शास्त्रीय नाव मोंटिकोला सॉलिटेरियस पांडू. मधला शब्द सर्वांत जुना, 1758 सालचा, लिनियसने दिलेला: सॉलिटेरियस, एकटा राहणारा. मोंटिकोला म्हणजे डोंगरात वस्ती करणारा. हे 1822 मध्ये बोई या प्राणिशास्त्रज्ञाने जोडलं. आणि 1832 मध्ये सायक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली, तीत हा पांडू म्हणून आला. लॅटिनच्या त्या रांगेत एकदम आपल्या गावातलं कुणीतरी उभं असावं, तसं मला ते नाव पहिल्यांदा वाचताना झालं होतं.

सॉलिटेरियसला मराठीत काय म्हणावं, यावर मी बरेच दिवस अडून होतो. एकाकी म्हटलं की हुरहूर आली. एकलकोंडा म्हटलं की तक्रार आली. हा तर आपल्या वाट्याचा तट राखतो. दुसरा शैलकस्तूर फिरकला की त्याला हुसकून लावतो. मी आता नुसतं एकटा म्हणतो. त्यातही एकटेपणा फक्त थंडीपुरता. नर आणि मादी दोघंही इथे आपापली जागा धरून वेगवेगळी राहतात; जोडी जमते ती विणीच्या काळात, डोंगरांकडे परतल्यावर.

गेल्या पौषात आईला गडावर नेलं. तिने पंढरीची वारी कधी चुकवली नाही. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून जीपने वर. पिठलं-भाकरी खाऊन तिला हळूहळू दरवाजाशी आणलं. पाखरू जागेवरच होतं.

“काय नाव याचं?”

“पांडू.”

तिने पदर सावरून नीट पाहिलं. “पांडू म्हणजे तर फिकट, पांढुरका. हा किती काळा!” मग स्वतःशीच म्हणाली, “आपला पांडुरंग तरी कुठे पांढरा आहे.”

मी काही बोललो नाही. इतकी वर्षं पुस्तकं चाळत होतो, आणि हे मला सुचलं नव्हतं.

“आणि रखुमाई?”

“थंडीत ती वेगळी राहते, आई.”

“पंढरपुरातही तिचा गाभारा वेगळाच आहे,” ती म्हणाली, जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

परतताना बुरुजाच्या टोकाला ती थांबली आणि बोट दाखवलं. तपकिरी अंगाचं, पोटावर खवल्यांसारखी नक्षी असलेलं एक पाखरू दगडावर ताठ बसलं होतं. त्या वळणावरून मी किती वेळा गेलो असेन. दगडाखाली पांढरे ओघळ होते, जुने, वाळलेले.