घाम म्हणजे ऊन!

परदेश म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? विमान, बर्फ, न कळणारी भाषा आणि न वाचता येणाऱ्या पाट्या. हो ना? मी मात्र अशा परदेशात पाच महिने राहून आलो, जिथल्या पाट्या मला पहिल्या दिवसापासून घडाघडा वाचता येत होत्या. कारण त्या देवनागरीतच होत्या! ओळखलंत? नेपाळ.

पण वाचता येतं म्हणजे समजतंच असं नाही, बरं का! माझी फजिती झाली ती तिथेच. ती पुढे सांगतो.

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचं केंद्र गोरखा जिल्ह्यातल्या बारपाक गावाजवळ होतं. सुमारे नऊ हजार माणसं गेली. हजारो शाळा पडल्या किंवा तडकल्या. पण तो दिवस शनिवार होता आणि तिथे शाळांना सुट्टी रविवारी नव्हे, शनिवारी असे. त्यामुळे दुपारी बाराच्या सुमारास वर्ग रिकामे होते. "एक दिवस आधी झाला असता तर..." आमचे मुख्याध्यापक हे वाक्य कधीच पुरं करत नसत.

याच जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात २०१७ च्या हिवाळ्यात मी स्वयंसेवक म्हणून शिकवायला गेलो. वय बावीस, पाठीवर सॅक आणि डोक्यात 'आपण मदत करायला चाललोय' ही हवा! भारतीयांना नेपाळात जायला व्हिसा लागत नाही. घड्याळ मात्र पंधरा मिनिटं पुढे करावं लागतं आणि कॅलेंडर तर सत्तावन्न वर्षं! तिथे विक्रम संवत चालतो. मी शाळेत पाऊल टाकलं तेव्हा फळ्यावर लिहिलं होतं : मंसिर २०७४.

काठमांडूपासून गोरखा बाजार साधारण १४० किलोमीटर. पण त्रिशूली नदीच्या कडेकडेने जाणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्याने अख्खा दिवस मोडला. पुढे जीप आणि मग दोन तास पायी चढण. चढून वर आलो आणि समोर बघतो तर मनासलू! आठ हजार एकशे त्रेसष्ट मीटर. मला वाटलं, ढगच आहे. ढग मात्र जागचा हलेना.

माझी राहायची सोय एका घरी केली होती. घरात एक आमा, म्हणजे आई, आणि एक शेळी. आमांचा मुलगा कतारला कामाला होता. गावातले बरेचसे तरुण असेच आखाती देशांत नाहीतर मलेशियात गेलेले. म्हणजे गंमत बघा, गावची पोरं परदेशी आणि गावात परदेशी पोरगा मी!

आता ती फजिती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वेटरवर स्वेटर घालून कुडकुडत खोलीत बसलो होतो. आमा दारातून म्हणाल्या, "घाम लाग्यो, बाबु. बाहिर आऊ." मी चपापलो. घाम? माझ्या घामाचा वास येतोय की काय? दोन दिवस आंघोळ नव्हती, हेही खरं होतं. शरमेने लाल होऊन टॉवेल उचलला आणि थेट धाऱ्यावर गेलो. धारा म्हणजे गावचा पाण्याचा नळ. डिसेंबरचं ते पाणी अंगावर घेतलं आणि अशी काही किंकाळी फोडली की भांडी घासणाऱ्या बायका, गुराखी पोरं, सगळी धावत आली. उलगडा झाला तेव्हा सगळं गाव पोट धरून हसलं. नेपाळीत घाम म्हणजे ऊन! 'ऊन पडलंय, बाहेर ये,' एवढंच त्या माउलीला सांगायचं होतं.

असे चकवे पावलोपावली होते. 'फुल खान्छौ?' असं कुणी विचारलं तर दचकू नका, फुल म्हणजे अंडं. कोदो म्हणजे आपली नाचणी. तिच्या पिठाचा, वाफाळता, पिठल्याहून घट्ट ढिंडो खाताना मला कोकणातली उकड आठवायची.

मदत करायला गेलेल्या मला खरं तर काहीच येत नव्हतं. तिथे ओझं डोकोत, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीत भरतात आणि नाम्लो नावाचा पट्टा कपाळावर घेऊन पाठीवर वाहतात. सहावीतला पोरगा गवताने भरलेला डोको घेऊन टणाटण चढायचा. मी अर्धा डोको घेऊन बांधावरून घसरलो. एक मात्र जमायचं : भांड्याला तोंड न लावता वरून पाणी पिणं. भांडं उष्टं झालेलं तिथे चालत नाही. हे आजोळी शिकलेलं शिक्षण असं कामी आलं!

नवव्या दिवशी पोट बिघडलं आणि मी घरी परत जायचं ठरवून टाकलं. आमांनी जाउलो केला, आपली मऊ खिचडीच ती. त्या रात्री कतारहून फोन आला. आमांचा पहिला प्रश्न, "भात खायौ?" जेवलास का? मग त्या बराच वेळ नुसत्या ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळल्या आणि तोच प्रश्न मला विचारला. मी सॅक भरली नाही.

शाळा अजून तात्पुरत्याच शेडमध्ये भरत होती. बांबूच्या भिंती, वर पत्रा. पावसाची सर आली की पत्र्याच्या आवाजात काही ऐकू येत नसे. मग फळ्यावर लिहून शिकवायचं. मला सहावीचं गणित दिलं होतं. पहिल्याच तासाला पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. मला वाटलं, नाव विचारणार. तिने विचारलं, "सर, कहिले जाने?" तुम्ही जाणार कधी?

मला रागच आला. आल्या आल्या जायची तारीख? मुख्याध्यापकांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर विचारलं तिनं. तुमच्या आधी दोघं आले होते. दोघांनीही अपूर्णांक पहिल्यापासून सुरू केले. दोघंही मधेच गेले. मुलं तिथल्या तिथेच." अमेरिकेच्या पीस कोअरचे तरुण नेपाळात १९६२ पासून येऊ लागले, त्यांच्यानंतर किती देशांचे आले. स्वयंसेवकाचं नवल तिथे नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उत्तर दिलं, "चैत महिन्याच्या शेवटी." आणि एक वही घातली. प्रत्येक मुलामुलीचं नाव आणि त्यापुढे त्यांनी कुठवर मजल मारली त्या उदाहरणसंग्रहाचा आकडा. माझ्यानंतर येणाऱ्याने पहिल्यापासून सुरुवात करू नये म्हणून. नेपाळी अजून कच्चं होतं, पण आकडे आपलेच की! १, २, ३ लिहिताना कुठेच अडलं नाही.

चैताच्या शेवटी परीक्षा संपली आणि मी ती वही मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली. पुढच्या बाकावरची ती मुलगी मागोमाग आत आली. तिने न विचारता वही उघडली, आपलं नाव शोधलं आणि भुवया आक्रसल्या. तिच्या नावापुढे मी ११ लिहिलं होतं. तिने पेन मागितलं, ११ वर काट मारली आणि शेजारी ठळक अक्षरात लिहिलं : १२. मग दप्तरातून आपली वही काढून बारावा संग्रह माझ्यापुढे धरला. सगळी उदाहरणं सोडवलेली होती.

"हे कधी केलंस?" मी माझ्या मोडक्यातोडक्या नेपाळीत विचारलं.

"हिजो," ती म्हणाली. काल. "आता तपासा. तुमची जीप दोनला आहे."